सातकुलप्याचे चार मुलगे

त्या घराच्या दाराशी कायम चार जोड बूट असायचे. मोठाले, टाचा झिजलेले, एकाची नाडी तुटून तिथं सुतळी बांधलेली. बघणाऱ्याला वाटावं, आत चार दांडगे गडी हातपाय ताणून पडलेत. आत गडी एकच, आणि तोही काटकुळा. बाकी त्याची बायको आणि एक मुलगी. बूट भंगारवाल्याकडचे. रोज झाडलोट करताना बायको त्यातला एखादा जोड इकडचा तिकडे करायची, म्हणजे कुणी घालून जाऊन आल्यासारखं दिसावं.

ही अक्कल नवऱ्याची. त्याचा धंदा कुलपं दुरुस्तीचा. बाजाराच्या तोंडाशी, घड्याळवाल्याच्या भिंतीला पाठ लावून त्याची टपरी होती. चावी घट्ट पकडायला एक वाइस, चार कानशी, तारेत ओवलेले कोऱ्या चाव्यांचे झुबके आणि एक मेणबत्ती. कोरी चावी मेणबत्तीवर काळी करायची, कुलपात घालून हलकेच पिळायची, काजळी जिथं पुसली जाईल तिथं कानस मारायची. घराच्या दाराला त्यानं तीन कुलपं घातली होती. पण गल्ली कधी कमी बोलते का? तिनं त्याचं नाव सातकुलप्या पाडलं.

तो काही आईच्या पोटातून संशयी आला नव्हता. तरुणपणी एक गोडबोल्या गिऱ्हाईक साबणाच्या वडीवर चावीचा ठसा घेऊन आला. "चावी घरात राहिली हो, बायको माहेरी गेली." यानं दिली चावी करून. चार दिवसांनी चोरानं ते घर धुऊन नेलं, आणि ते घर काही त्या गोडबोल्याचं नव्हतं. चोर सापडला नाही, चावीवाला सापडला. चौकीत त्याला लाकडी बाकावर बसवून तेच तेच विचारलं. पुढं सोडून दिलं, पण मनानं तो त्या बाकावरून उठला नाही तो नाहीच.

तेव्हापासून नियम. ठशावरून चावी नाही. घर दाखव, दारात उभा राहा, मग बघू. आणि घर तुझंच कशावरून? शेजारी सांगेल. पण शेजारी कोणता, ते गिऱ्हाइकानं ठरवायचं नाही.

"तू आणलेला साक्षीदार तुझा," तो म्हणायचा. "मी निवडलेला साक्षीदार खऱ्याचा."

यापायी गिऱ्हाइकं तुटली. समोरच्या घरात राहणारा शिंपी तर कायमचा तुटला. त्याच्या कपाटाची किल्ली हरवली, म्हणून त्यानं याला बोलावलं. घरात सासुरवाडीची माणसं बसलेली. त्यांच्यादेखत हा म्हणाला, "कपाट तुमचंच कशावरून?" आणि खाली जाऊन जिन्याखालच्या म्हातारीला साक्षीला घेऊन आला. म्हातारीला दिसत नव्हतं. ती म्हणाली, "कुणाचं असेल बाई, मला काय ठाऊक." सासऱ्यानं जावयाकडे जे पाहिलं, ते शिंपी अजून विसरला नव्हता. त्या दिवसापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. फक्त खिडकीतून थुंकणं चालू.

चोराबद्दलही त्याचा एक सिद्धांत होता. चोर पैसा कुठे आहे हे कधी विचारत नाही. तो विचारतो, घरात माणसं किती? म्हणून कुणी परक्यानं विचारलं, की उत्तर ठरलेलं: आम्ही सात जण. चार मुलगे, चारही कमावते, एक तर आखाड्यात जातो. सगळ्या गल्लीला त्यानं हे पढवून ठेवलं होतं. शिंपी तेवढा सोडून, कारण शिंप्याशी बोलणं नव्हतं.

बायको दवाखान्यात चादरी धुवायच्या कामाला होती. ती बायकांत सांगायची, "मला एक मुलगी झाली, तेव्हाचे हाल मला ठाऊक. यांना मात्र चार मुलगे झाले, तेही आयते वाढलेले."

मुलगी मात्र खरी होती आणि हुशार होती. शाळा संपली तशी म्हणाली, विद्यापीठात भूगर्भशास्त्र घेणार.

"म्हणजे काय?"

"दगडांचा अभ्यास, बाबा."

"दगडांचा? आणि ते फी घेतात?"

फी घेत होते, आणि ती बापाच्या टपरीला, आईच्या चादरींना झेपणारी नव्हती. पण विद्यापीठात मदत कक्ष होता. घरची कमाई बेताची असेल तर अर्ज करायचा, फी माफ आणि वर पुस्तकांना, जाण्यायेण्याला थोडं. मुलीनं अर्ज आणला तेव्हा बापानं तो उंदीर शेपटीला धरावा तसा कोपऱ्याला धरला.

"फुकट देतात? का देतात? त्यांचं काय अडलंय?"

"हुशार मुलं शिकावीत म्हणून."

"अगं, गळाला लावलेला किडाही माशाला फुकटच मिळतो."

कमाई किती, घर स्वतःचं की भाड्याचं, खाणारी तोंडं किती, हे सगळं विचारलेलं बघून तो म्हणाला, "हा अर्ज नाही, ही चोरीची तयारी आहे." शेवटी बायकोनं अर्ज हिसकावला, मुलीनं खरं ते भरलं, आणि याच्या हातात पेन देऊन दोघी दोन बाजूंनी उभ्या राहिल्या. त्यानं सही केली, पण आपली नेहमीची नाही. जरा वाकडी केली. उद्या काही झालं तर म्हणता यावं, की ही माझी नव्हेच.

काही झालं नाही. मदत मिळाली. पहिलं वर्ष मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली. घरात खिडकीच्या कट्ट्यावर दगड साठले. बाप ते उचलून खालून बघायचा, आत काही दडवलंय का.

दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आधी एका सकाळी टपरीवर फोन आला. एका हातात कानस, कानाला फोन.

"विद्यापीठातून बोलतोय. तुमच्या घरची माहिती पडताळायची होती. घरात माणसं किती?"

सातकुलप्या सावध झाला. चोर काय चोर म्हणून फोन करणार? विद्यापीठ म्हणूनच करणार!

"सात," तो म्हणाला.

"सात? कमावते किती?"

"चार मुलगे. चौघंही चांगलं कमावतात. एक आखाड्यात जातो. त्याचा हात बघितलात तर इकडे फिरकणार नाहीत."

"बरं. दिवसा घरी कुणी असतं का?"

"कायम! पाळी लावून असतात."

पलीकडून धन्यवाद म्हणून फोन ठेवला गेला. याला वाटलं, पळाला. घड्याळवाल्याला टाळी दिली. संध्याकाळी जेवायला बसल्यावर रंगवून सांगितलं, "घाम फुटला असेल लेकाला!"

मुलीचा घास तोंडाशीच थांबला.

"बाबा, नंबर कोणता होता?"

त्यानं फोन पुढे केला. मुलीनं बघितलं आणि ताट बाजूला सारलं. "हा मदत कक्षाचा नंबर आहे."

बायकोनं कपाळावर हात मारला नाही, काही नाही. नुसती म्हणाली, "झाले ना मुलगे कमावते? आता त्यांनाच भरू दे फी."

दुसऱ्या दिवशी बापलेक विद्यापीठात गेले. मदत कक्षात टेबलामागे पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. चेहरा इस्त्री केल्यासारखा. टेबलावरच्या पेनाला दोरी बांधून दोरीचं टोक खिळ्याला अडकवलेलं. ते बघून सातकुलप्याला बाईंबद्दल थोडा आदर वाटला.

"अर्जात तीन माणसं," बाई म्हणाल्या. "फोनवर सात. यातलं खोटं कोणतं?"

"फोनवरचं."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलता."

"फक्त चोरांशी."

"फोन आमच्या कक्षातून होता."

"ते मला काय ठाऊक? चोर असंच म्हणतो."

मुलीनं बापाचा पाय दाबला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गेल्या वर्षी एकानं स्वतःला मेलेला दाखवून मुलासाठी मदत घेतली, आणि निकालाच्या दिवशी पेढे घेऊन स्वतःच आला. तेव्हा मला गोष्टी सांगू नका. मी घरी येऊन बघेन. कधी ते सांगणार नाही. तोवर मदत थांबली. महिनाअखेर फी भरली नाही तर मुलीचं नाव पटावरून जाईल."

घरी येऊन बापानं तीनही कुलपं उघडली. मग तो म्हणाला, "बाई पक्की आहे." त्याच्या तोंडून एवढं कौतुक आजवर कुणाचं निघालं नव्हतं.

बाई आल्या त्या रविवारी, उन्हाच्या भरात, डोक्यावर छत्री. आधी गल्लीच्या तोंडाशी थांबल्या. तिथंच राहणारा घड्याळवाला सुटीचं अंगणात चहा पीत बसला होता. त्याला विचारलं, "कुलूपवाल्यांच्या घरी कोण कोण असतं?"

घड्याळवाला मैत्रीला जागला. "चार मुलगे आहेत, बाई! एकेक पैलवान. आत्ताच बाहेर गेलेत. येतीलच."

पुढं एका मावशींना विचारलं. मावशींनी तर चौघांतल्या थोरल्याचं लग्नही ठरवून टाकलं.

बाई दाराशी आल्या. दाराशी चार जोड बूट.

सातकुलप्यानं दार उघडलं, बाईंची नजर कुठे आहे ते बघितलं, आणि त्याला कळलं, की आयुष्यभर घासून घासून बसवलेलं हे कुलूप आता त्याच्याच बोटांवर बसलंय. इतकी वर्षं ते बूट तिथं होते, की त्याला स्वतःला ते दिसेनासे झाले होते.

"आखाड्यातला कोणता जोड?" बाईंनी विचारलं.

बायको पुढं झाली. "बाई, हेच आमचे मुलगे. खात नाहीत, पीत नाहीत, उलटून बोलत नाहीत. पण एक पैसा कमवतील तर शपथ." तिनं एक बूट उचलून उलटा केला. आतून वाळका पाला आणि एक झुरळ पडलं. झुरळ बाईंच्या चपलेकडे धावलं. बाई जागच्या हलल्या नाहीत.

आत येऊन त्यांनी सगळं बघितलं. दोन खोल्या. एक खाट, दोन वळकट्या, तीन ताटं, दोरीवर एकाच मापाचे दोन सदरे. दगडांपाशी मात्र त्या जरा थांबल्या. मुलगी सांगू लागली, हा लाव्ह्याचा, यातले बुडबुडे बघा. बाईंनी मान हलवली आणि वळून म्हणाल्या, "बूट खोटे असतील. पण मुलगे दुसरीकडे राहत असतील, तर माझ्या डोळ्यांना दिसणार कसे? गल्ली तर चौघं आहेत म्हणते."

"गल्लीला मीच शिकवलंय."

"घरात तीनच माणसं आहेत असं म्हणायला आज शिकवलं असतं, तरी गल्ली तसं म्हणाली असती. हो की नाही?"

बाई बोलत होत्या ते सातकुलप्याचंच बोलणं होतं. त्यांच्या जागी तो असता, तर त्यानंही या माणसाला चावी करून दिली नसती. मुलगी खिडकीशी उभी राहून हातातला दगड कुरवाळत होती, जसा काही तो आता परत करायचाय.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "माझा एक नियम आहे. गिऱ्हाइकानं आणलेला साक्षीदार मी मानत नाही. तुम्हीही मानू नका. या गल्लीत माझ्याशी बोलत नाही असा एकच माणूस आहे. त्याला मी काही शिकवलेलं नाही, आणि माझं भलं व्हावं असं त्याला कधी वाटलेलं नाही. समोर राहतो. रोज माझं दार त्याच्या डोळ्यांसमोर. आमचं वैर खरं आहे का, हे गल्लीत कुणालाही विचारा, मला नको."

बाईंनी त्याच्याकडे प्रथमच नीट बघितलं. पायऱ्या उतरल्या आणि समोर गेल्या.

सातकुलप्या दाराआड उभा राहिला. बायको त्याच्या मागं, मुलगी तिच्या मागं.

"चार मुलगे?" शिंप्याचा आवाज गल्लीभर गेला. "त्या सातकुलप्याला? अहो बाई, देव स्वतः मुलगा घेऊन दारात आला असता, तरी यानं त्याला ओळख पटवायला लावली असती आणि परत धाडला असता! एक मुलगी आहे, बस. बूट ना? भंगारातले आहेत. हातगाडीवाल्याशी घासाघीस करत होता, मी ऐकलंय!"

"धंदा कसा चालतो?"

"धंदा? गिऱ्हाईक आलं की त्याला चोर ठरवून हाकलतो. चालेल कसा? बायको धुणी धुते म्हणून चूल पेटते. कंजूस, कुजका, घाणेरड्या मनाचा माणूस!"

"छान," सातकुलप्या पुटपुटला. "बोल, अजून बोल."

"जरा थांबलाय तो," बायको कुजबुजली. "खिडकीतून थुंकू का? पेटेल परत."

"आणि मुलगी कशी आहे?" बाईंनी विचारलं.

शिंपी घुटमळला. आवाज जरा खाली आला. "पोर चांगली आहे. दगड गोळा करते, पण चांगली आहे. बापावर गेली नाही."

बाई परत आल्या. कागदावर काहीतरी खरडलं. म्हणाल्या, "इतक्या शिव्या कुणी शिकवून देत नाही. मदत चालू राहील. पण आता तुमच्या नावावर खूण आहे. पदवी होईपर्यंत दरवर्षी तपासणी. मीच येईन, न सांगता."

"यायलाच पाहिजे," सातकुलप्या म्हणाला. "आणि बाई, तुमची ती पेनाची दोरी. कात्रीनं कापता येते. साखळी लावा."

बाई गेल्या. मुलगी खाली बसली आणि गुडघ्यात डोकं घालून हसली की रडली, ते कुणी विचारलं नाही. बायको म्हणाली, "जा, समोर जाऊन दोन शब्द बोलून या. एवढ्या वर्षांचं वैर, माणसानं पोरीचं भलं केलं. आभार तरी माना."

"वेडी की काय?" तो म्हणाला. "गोडी झाली, तर पुढच्या वर्षी खरं कोण बोलणार?"

दुसऱ्या दिवशी टपरीवर जाताना तो मुद्दाम शिंप्याच्या दारापुढं थांबला. कडीला लटकलेलं कुलूप दोन बोटांत धरून हलवलं आणि आत ऐकू जाईल असं म्हणाला, "हे कुलूप? हे तर शेंबडं पोरही केसाच्या पिनेनं उघडेल. पण आत नेण्यासारखं आहे काय म्हणा!"

आतून शिवणयंत्र थांबलं आणि शिंपी सुरू झाला. सातकुलप्या न वळता चालू लागला. कोपऱ्यापर्यंत आवाज येत होता. खणखणीत होता. पोरीची पदवी होईपर्यंत सहज टिकला असता.