मायसाठी न्हाणीघर

सुरतेतल्या डिंडोलीच्या घरात मी एकटी राहायला लागले आणि बाथरूमचं दार लावायची माझी सवयच सुटली. लावायचं तरी कुणासाठी? नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला होता, मूलबाळ नव्हतं. दिवसभर मराठी शाळेत पोरांच्या गलक्यात मी असायची, आणि घरी आलं की नळाचा थेंब पडलेलासुद्धा पुढच्या खोलीत ऐकू यायचा. दार पत्र्याचं होतं, खालून गंजून गेलेलं. उघडंच असायचं.

बाथरूम कसलं, बिल्डरने मागच्या बाजूला एक खोपट काढून दिलं होतं. कोपऱ्यात संडासाचं भांडं, त्याच्या शेजारी नळ आणि खाली कोबा. सुरतेत अशा जोडखोलीला लेट-बाथ म्हणतात, आणि घर दाखवताना दलालाने ते असं ऐटीत सांगितलं होतं की मला वाटलं आत संगमरवर असेल.

माझी माय खान्देशात, दोंडाईच्याकडच्या आमच्या गावात एकटी होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाऊ नाशिकला, पण त्याच्या बायकोचं आणि मायचं एका घरात दोन दिवससुद्धा पटायचं नाही. ती तिकडे एकटी, मी इकडे एकटी. दोघींनी दोन गावांत दोन चुली कशाला पेटवायच्या, एवढं साधं माझं म्हणणं होतं. नव्वद-एक्याण्णवच्या उन्हाळ्यात मी तिला हट्टाने घेऊन आले.

आल्या आल्या तिने आंघोळीला पाणी मागितलं. मी बादली भरून ठेवली. ती दारापर्यंत गेली, आत वाकून बघितलं आणि नाकाला पदर लावून मागे फिरली.

"हाई काय वं? संडासमा आंग धोस तू?"

मी म्हटलं, "इथं सगळेच धुतात."

"धोवू दे. मी नही."

आंघोळ केल्याशिवाय ती देवाला हात लावायची नाही आणि देव झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायची नाही. मग स्वयंपाकघरात भांडी घासायच्या मोरीत ती लुगड्यासकट बसली, गुडघे पोटाशी घेऊन, आणि तांब्या तांब्याने अंगावर पाणी घेतलं. मला तिची कीव आली आणि रागही आला. असं तीन-चार दिवस चाललं, मग तिने पिशवी भरली. स्टेशनवर म्हणाली, "मधमा भिंत घाल. मंग येसु."

मंग येसु. भिंत झाली की येईन. तेवढे दोन शब्द मी उराशी धरून घरी आले.

दिवाळीच्या सुट्टीत गवंडी बोलावला. त्याने आत उभं राहून दोन्ही हात पसरले तर ते दोन्ही भिंतींना टेकले. "बेन, जग्या ज क्यां छे? आमां तो ऊभा ऊभा न्हावुं पडशे." जागाच नाही, उभ्याउभ्या न्हावं लागेल, असं त्याचं म्हणणं.

माझं गुजराती शाळेपुरतंच, पण भांडायला पुरतं. "तमे भिंत चणो, न्हावानुं हुं जोई लईश," मी सांगितलं. तू भिंत बांध, न्हाण्याचं माझं मी बघते.

भिंत झाली. भेस्तानच्या रस्त्यावरच्या दुकानातून पांढऱ्या टाइल्स आणल्या, कमी पडल्या म्हणून वरच्या दोन ओळी गुलाबी लावल्या. नवं दार बसवलं. खरं सांगते, ते काम चालू होतं तेव्हाचे दिवस मला सणासारखे वाटले. घरात ठोकाठोक, सिमेंटची धूळ भाजीत, गवंड्याचा रेडिओ, आणि मी न मागता चहा करत होते. काम संपवून तो गेला त्या संध्याकाळी घर इतकं गप्प झालं की मी उगाच नळ सोडून ठेवला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात तशी मी गेले आणि भिंतीचं सांगितलं. मायने कौतुकाने ऐकलं. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "पन मना गुडघा आते वाकत नही. खाले बसनं जमत नही."

आल्यावर मी कमोड बसवला. तो हातगाडीवरून गल्लीत आला तेव्हा शेजारच्या बायका बघायला जमल्या. एकीने झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं, आणि "यावर बसायचं कसं?" विचारून सगळ्यांना हसवलं. मीही हसले. त्या गेल्यावर मी तो ओल्या फडक्याने पुसून ठेवला.

पुढच्या आखाजीला टाइल्स गुळगुळीत असतात, पाय घसरेल, असं निघालं. मी खालची फरशी उखडून खरबरीत घातली, भिंतीला धरायला लोखंडी दांडा ठोकून घेतला. त्यानंतर पाणी. चुलीवर तापलेल्या पाण्याशिवाय तिचं अंग मोकळं होत नाही म्हणाली. घरात चूल पेटवायला जागा नव्हती, मी गीझर आणला. मी चिडायची, पण चिडून थांबायची मात्र नाही. दर रविवारी ते न्हाणीघर घासायची. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, नळावर पांढरी खपली धरायची. जुन्या ब्रशने टाइल्सच्या फटी घासायची, खपली नखाने काढायची. वापरणारी मी एकटी, पण माय कधीही येईल, तेव्हा डाग दिसायला नको.

मग एका हिवाळ्यात ती गावी अंगणात पडली. हाड मोडलं नव्हतं, पण मुका मार बसला होता. मी रजा टाकून गेले आणि तिला काही बोलू न देता तापी लाइनच्या गाडीत बसवून घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरात गेली. दांडा धरून स्टुलावर बसली, दार लोटून घेतलं. मी बाहेर जमिनीवरच टेकले. आत पाणी पडत होतं, तांब्या बादलीला लागत होता, ती देवाचं काहीतरी पुटपुटत होती. माझ्या घरात दुसरं माणूस आंघोळ करतंय, हे ऐकताना मला रडू आलं. इतक्या वर्षांत मला दुसरं काही नको होतं, फक्त एवढंच हवं होतं.

बाहेर आली ती गालावरून पाणी निथळत, हसत. "रानीनं न्हानीघर शे वं तुनं," म्हणाली.

ती राहिली. मी शाळेतून यायची तर पुढचं दार उघडं असायचं, चहाचं आधण ठेवलेलं असायचं. संक्रांतीला तिने गल्लीतल्या खान्देशी बायकांना घरी बोलावलं. आता ही जात नाही, असं मी मनात धरून चालले होते. आणि मग एक दिवस शाळेतून आले तर ती पलंगावर लुगडी घडी करून पिशवीत भरत होती.

माझा तोल गेला. "आते काय राहीनं माय? सांग. उद्या परत गवंडी बलावस. छप्पर बदलू? नळ चांदीना लावू?"

तिने मला हाताला धरून शेजारी बसवलं. "न्हानीमा काहीच खोट नही पोरी. कधीच नव्हती. माले आंडेरना घरमा मरनं नही शे."

आंडेर म्हणजे लेक. लेकीच्या घरी दोन घास खायलासुद्धा आमच्याकडची जुनी माणसं मागेपुढे बघतात. तिथे मरायचं, लेकीच्या दारातून आपली तिरडी निघायची, हे तिला सोसण्यासारखं नव्हतं. माझ्या वडिलांच्या उंबऱ्यातूनच जायचं, हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं.

"मग पहिल्यांदाच का नाही सांगितलंस?"

"तू इतली हौसथीन करी राहिंती," ती म्हणाली. "काम चालू ऱ्हास तोवर तुले वाटे, माय येई. तुनं मन कसं मोडू?"

ती मला फसवत होती असं म्हणवेना. मला वाट बघायला काहीतरी असावं म्हणून तिने एकेक अडचण पुरवली होती, आणि मी एकेक अडचण विकत घेऊन बसवत गेले होते. दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीत बसवून दिलं. त्या रविवारी काही घासलं नाही, त्यानंतरच्याही नाही.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली, तिला हवं तसं, तिच्या घरात. निरोप शाळेच्या फोनवर आला. मी मिळेल त्या गाडीने निघाले, पण तापी लाइनची गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते. मी अंगणात पाऊल टाकलं तेव्हा ती नव्या लुगड्यात होती, केस ओले होते, आणि अंगणातली जमीनही भिजलेली होती. बायका म्हणाल्या, किती वेळ थांबणार बाई, आम्ही आंघोळ घालून घेतली.