दोन खिडक्यांमधली चौकशी

पोलिसातल्या नोकरीतल्या मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता धूसर झालेत, पण डिचोलीतली ती दुपार अजून डोळ्यांपुढे तरंगते. मी ती सांगायला लागलो की बायको विचारते, "यात तुम्ही काय शोधून काढलंत?" म्हणून आधीच सांगतो, फार काही नाही.

खबर दिली मुळगावच्या एका दुकानदाराने. त्याचा धाकटा भाऊ कारखान्यात नोकरीला, जन्मापासून बहिरा. "कोण तरी परको माणूस त्याका मयेच्या तळ्याकडे भेटता. आयकर परत मेळोवन दिता म्हणून कागद मागता. भाव माझो भोळो, सायबा. फसतलो."

साध्या वेशात आम्ही तळ्यावर गेलो. पाणी हलत नव्हतं. बाकावर दोघं बसलेले. चार हात हवेत पोहत होते, आवाज कसलाच नाही. आपण कशाला आलोय तेच क्षणभर विसरलो. मग दोघांना ठाण्यात आणलं. परका माणूसही बहिराच निघाला.

संशयितांनी आपसात बोलू नये म्हणून नियमाप्रमाणे त्यांना अंगणाच्या दोन बाजूंच्या खोल्यांत बसवलं. हवालदार ओरडून प्रश्न विचारत होता. "अरे, त्याला ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच तर मोठ्यान विचारतंय, सर."

मी अंगणात आलो आणि थबकलो. दोन खिडक्यांत हात हलत होते, भिंतीवर त्यांच्या सावल्या. आमच्या कडक बंदोबस्तात दोघांच्या निवांत गप्पा चालल्या होत्या! रागवायचं सोडून मी बघतच राहिलो. धाकटा पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बोट करत होता, चेहरा रडवेला. कट शिजवणारी माणसं घड्याळाकडे असं बघत नाहीत.

तेव्हा कुठे मला कागद-पेन सुचलं. धाकट्याने लिहिलं: "आयकर विवरणपत्राचा आज शेवटचा दिवस. आज भरलं नाही तर यंदाची दिव्यांग सवलत गेली. दादा मला दिव्यांगत्वाचा दाखलाच काढू देत नव्हता, लोक काय म्हणतील म्हणून. कर सल्लागारही दादाशीच बोलतो. या वर्षी मी स्वतः दाखला काढला, मदतीला हा माणूस शोधला."

परका माणूस पेडण्याचा, हिशेबनीस. चौकशी केली, सगळं खरं होतं. ताब्यात घेतलेला त्याचा लॅपटॉप परत दिला, माझं टेबल मोकळं केलं. विवरणपत्र भरून झालं, पण शेवटचा ओटीपी गेला थोरल्याच्या मोबाइलवर. त्याला बोलावून घेतलं.

तो धापा टाकत आला. "सायबा, आकडो इलो हा. पण तुम्हीच सांगता ना, कोणाक देऊ नको?"

"तो त्याचाच आहे. त्याला विचारा."

थोरला भावाकडे वळला. काय विचारायचं, कसं विचारायचं, त्याला कळेना. धाकट्याने तळहात पुढे केला. बराच वेळ तो हात तसाच राहिला. मग थोरल्याने मोबाइल त्यावर ठेवला आणि शेजारी बसून, भाऊ एकेक आकडा भरतो ते बघत राहिला.

चौकशी म्हणजे प्रश्न विचारणं, असं आम्हाला शिकवलेलं. त्यानंतर मात्र मी आधी बघायचो, ज्याचा प्रश्न आहे तो खोलीत आहे का. असला, तर खुर्ची त्याच्याकडे वळवायची.