गिअरची की ऑटोमॅटिक?

शोरूमची लाल स्पोर्ट्स कार हे चालवून पाहत होते, मी शेजारी बसले होते. चढावर ती गचका देऊन बंद पडली.

"क्लच नवा आहे ना," हे म्हणाले.

मी त्यांच्या डाव्या पायाकडे पाहत होते. हल्ली जिन्यावरही तो असाच मागे रेंगाळतो. विचारलं तर ते खरंच होऊन बसेल, अशी भीती वाटते. इतक्या वर्षांच्या सोबतीनंतरही आपण एकमेकांच्या दुखण्याभोवती चवड्यांवरच चालत राहतो.

परतल्यावर सेल्समनने विचारलं, "गिअरचीच ना, सर?"

गिअर नसलेली गाडी म्हणजे पाळणा, असं जन्मभर म्हणणारे हे म्हणाले,

"ऑटोमॅटिक द्या." मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "तूही शिकून घे आता."