सासूबाईंची घट्ट झाकणं

आमच्या घरातलं एकही झाकण मला उघडत नाही. साखरेचं नाही, चहापत्तीचं नाही, लोणच्याच्या बरणीचं तर नावच काढू नका. याचं निम्मं श्रेय माझ्या बोटांना आणि निम्मं सासूबाईंच्या मनगटांना.

सासूबाई नांदगाव खंडेश्वरकडच्या शेतकरी घरातल्या. अमरावतीला येऊन त्यांना जमाना झाला, पण मुंग्यांशी असलेलं वैर त्या गावाहून सोबत घेऊन आल्या ते अजून मिटलेलं नाही. डबा लावताना त्या दात-ओठ खातात, शेवटचा एक पिळा देतात आणि म्हणतात, "मुंगीले वाटच नाई दिसली पायजे." मुंगीला दिसत नाही आणि मलाही नाही.

मला आमवात आहे. सकाळी उठते तेव्हा बोटं माझं ऐकत नाहीत. दात घासायचा ब्रश दोन्ही हातांनी धरावा लागतो, परकराची नाडी बांधणं हा तर वेगळाच सोहळा असतो. निदान अकोल्याला झालं, कारण माझं माहेर अकोल्याचं आणि माझ्या आईचा अमरावतीच्या कुठल्याच डॉक्टरवर विश्वास नाही. डॉक्टर म्हणाले, "हा आजार मुळापासून जात नाही. औषधांनी आटोक्यात राहतो. सोबत घेऊनच जगायचं."

मी विचारलं, "म्हणजे अमर आहे?"

"तसंच समजा."

अमरावतीत इतकी वर्षं राहून आपल्याकडे अमर असं काहीच नाही, ही खंत तरी मिटली.

खरी पंचाईत आजाराची नव्हती. तो दिसत नाही, ही होती. सासूबाई वाईट बाई नाहीत, पण त्यांचा फक्त दिसणाऱ्या आजारावर विश्वास. ताप हाताला लागला पाहिजे, पट्टीतून रक्त आलं पाहिजे, सलाइन टांगलेलं पाहिजे. शेजारणीचा पाय मोडला तेव्हा तिच्या प्लास्टरवर त्यांचा इतका जीव जडला की रोज खिचडी घेऊन जायच्या. आणि मी सकाळी बरणी पुढे करून "आई, एवढं उघडून देता का?" म्हटलं की बरणी घ्यायच्या, फिरवायच्या आणि माझ्याकडे वरून खाली बघायच्या.

"दिसत तं काई नाई वं. चांगली धडधाकट हायेस."

यात शिवी नव्हती, टोमणासुद्धा नसावा. पण मला ते सांध्यांपेक्षा जास्त लागायचं. रागाच्या भरात मी डॉक्टरांना एकदा विचारलंही, "हाताला उगीचच प्लास्टर घालून मिळेल का?" त्यांना तो विनोद वाटला.

बाकी जगाचा माझ्या दुखण्यावर पूर्ण विश्वास होता, तो वेगळा छळ. जो येईल तो औषध सांगे. मेथी भिजवून खा, मेथी भाजून खा, मेथीकडे बघूसुद्धा नको. शेंदूरजनाघाटला मामांचा संत्र्यांचा बगीचा आहे. कुणीतरी मला आंबट बंद करायला सांगितलं, तर मामा फोनवर कडाडले, "आमच्या संत्र्यानं कोनाचे गुडघे दुखले सांग!" आईचा फोन तर रोजच. तिनं सुचवलेली निर्गुडीची पानं बांधून मी बसले की आमचे हे विचारायचे, "आज भाजी काय, हीच का?" बोटांची मूठ वळत असती तर उत्तर दिलं असतं.

अशात भुलाबाई आल्या.

आमच्या ओळीतल्या बायका भाद्रपदातल्या पौर्णिमेला मातीची भुलाबाई बसवतात आणि कोजागिरीपर्यंत रोज एकीच्या घरी गाणी म्हणतात. मूळचा हा पोरींचा खेळ, पण पोरी पुण्याला नोकऱ्या करून राहिल्या, म्हणून आया खेळतात. गाणी झाली की खिरापत. ती बंद डब्यात असते. डबा हलवून, कान लावून आत काय ते ओळखायचं आणि सगळ्यांनी हार मानली की त्या घरच्या सुनेनं झाकण उघडायचं. भुलाबाईची मला आवडणारी गोष्ट अशी की सासरच्या समस्त मंडळींची तक्रार त्या गाण्यांत देवीच्या नावावर खपते. एरवी जे बोललं तर घरात आठवडाभर अबोला होईल, तेच टिपऱ्यांवर म्हटलं की लोक टाळ्या वाजवतात.

यंदा पहिल्याच दिवशी माझ्या हातातून टिपरी निसटली आणि शेजारणीच्या कपाळावर बसली. मोडक्या पायाचीच शेजारीण ती. बायकांनी माझ्या टिपऱ्या काढून घेतल्या. "तू आपली गानं म्हन."

सकाळी बोटं सैल व्हायची वाट बघत पडावं लागतंच. त्या वेळात मी एरवी चिडत असे. आता चिडता चिडता यमक जुळायला लागलं.

पाव्हणा आला वं बाई, पाव्हणा आला,
बोटाबोटात येऊन बसला.
चहा देल्ला, हालेना,
मेथीचा लाडू देल्ला, हालेना,
अकोल्याची गोळी देल्ली,
म्हणे, थोडी साखर घाला!

बायका हसून लोळल्या. दुसऱ्या दिवशी एकीनं आपला थायरॉइडचा पाहुणा आणला, दुसरीनं मणक्याचा. ओळीतल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी मुक्कामाला आहे, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. आम्ही गात होतो आणि मला हलकं वाटत होतं. दुखणं तेवढंच होतं. फक्त ते एकटीचं राहिलं नव्हतं.

एक कडवं मात्र मी सासूबाईंच्या माघारीच म्हणायची.

सासू म्हणे, पाव्हणा कुठी?
मले तं दिसेना, दाखव कुठी?
दिसणारा पाव्हणा जेवून जाते,
न दिसणारा मलेच खाते.

कोजागिरीचा मान आमच्या घराचा होता. सासूबाईंनी दुपारपासून स्वयंपाकघराचं दार लावून खिरापत केली, स्टीलच्या डब्यात भरली आणि झाकणाला पिळा दिला, तो बाहेर ऐकू आला. संध्याकाळी ज्वारीच्या कणसांसकट उभ्या केलेल्या धांड्यांच्या मखराखाली भुलाबाई बसल्या आणि समोर खुर्ची टाकून सासूबाई. मी बायकांना बजावलं होतं, ते कडवं आज नको. मला भीती त्यांच्या रागाची नव्हती. त्या ऐकतील आणि हसून सोडून देतील, याची होती. मग माझ्याकडे म्हणायला दुसरं काहीच उरलं नसतं.

पण पाठ झालेलं गाणं कुणाच्या बापाचं ऐकतं? थायरॉइड झाला, मणका झाला आणि उताराला लागलेल्या गाड्यासारख्या बायका सरळ त्या कडव्यात शिरल्या. सासूबाई मांडीवर ताल धरून होत्या. "मलेच खाते" आलं आणि त्यांचा हात थांबला. हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "हं. खिरापत आना."

डबा फिरला. एकीनं हलवला, दुसरीनं कान लावला. चकल्या? नाही. शेंगा? नाही. मुरमुरे? छे! डब्यातून काही म्हणजे काही आवाज येईना.

मोडक्या पायाची शेजारीण म्हणाली, "काकू, डबा रिकामा हाय! काहून फसवून राहिल्या?"

सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "वाजत नाई म्हनून काय आत काईच नाई का वं?"

बोलून झालं आणि त्या तशाच अर्ध्या उठलेल्या राहिल्या. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनीही माझ्याकडे बघितलं, मग नजर डब्यावर नेली.

बायकांनी हार मानली आणि डबा माझ्या हातात दिला. घरची सून मीच. मी डबा पोटाशी धरून झाकण फिरवलं. हललं नाही. पदर गुंडाळून फिरवलं. हललं नाही. बायकांना वाटलं मी पाहुण्याची नक्कल करतेय. त्या टिपऱ्या वाजवायला लागल्या, "पाव्हणा आला वं बाई!" मीही हसत होते आणि हसताना मला एकदम रडू आलं, कारण बोटं खरंच फार दुखत होती आणि सगळ्या जगासमोर मला एक डबा उघडत नव्हता.

सासूबाई माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या. हातांकडे बघत होत्या. आल्या आणि माझी बोटं एकेक करून झाकणावरून सोडवली. त्यांच्या हाताला माझी सुजलेली पेरं लागली असणार. काही वेळ त्यांनी ती सोडलीच नाहीत.

"आन इकडं," म्हणाल्या. डबा घेतला, फिरवला. झाकण जागचं हलेना. पुन्हा फिरवला. लालबुंद झाल्या.

"इतकं घट्ट कोनं लावलं वं हे?"

"तुमीच!" सगळ्या एका सुरात ओरडल्या.

शेवटी आमच्या ह्यांनी उंबऱ्यावर आपटून झाकण काढलं आणि ते तिरकं झालं ते कायमचंच. आत मुगाच्या डाळीचा शिरा होता, गच्च थापून, काठोकाठ भरलेला. वाजायला जागाच नव्हती त्याला.

माफी-बिफी आमच्या घरात कुणाला मागता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा साखरेचा डबा घेतला, पोटाशी धरला, जोर लावला आणि झाकण इतक्या पटकन निघालं की अर्धी साखर ओट्यावर सांडली. चहापत्तीचं झाकण नुसतं वर ठेवलेलं. लोणच्याच्या बरणीचंही तसंच.

चार-आठ दिवसांत मुंग्यांना पत्ता लागला. आधी साखरेत आल्या, मग गुळात, मग थेट चहात. आमचे हे कप पुढे करून ओरडले, "आई, मुंगी हाय यात!"

ज्या बाईनं जन्मभर मुंगीला वाट दिसू दिली नव्हती, ती वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाली, "मंग? मुंगी पोटात गेल्यानं कोनी मेलं का आजपरेंत? पी गुमान."

माझ्याही कपात एक होती. मी काढली नाही.