बांधावरचं फ्लोराइड

चहा आधी संपवा, मग ऐकवतो. माझी फजिती ऐकताना ठसका लागला तर ते खापरही माझ्याच डोक्यावर फुटायचं!

मी तासगावचा द्राक्षबागायतदार. वेल पिवळी पडली की आम्ही पानाचे देठ तपासून घेतो आणि कमी असेल ते ड्रिपमधून सोडतो. त्यामुळे आई अंगणात नुसती घसरली, तिचं मनगट मोडलं आणि सांगलीच्या डॉक्टरांनी ‘हाडं ठिसूळ झालीत’ म्हणून गोळ्या दिल्या, तेव्हा मी म्हटलं, गोळ्या कशाला? काय कमी पडलंय ते शोधू आणि सोडू!

शोधलं. मोबाइलवर! हाडं भरीव व्हावीत म्हणून पूर्वी फ्लोराइड देत असत, असं लिहिलं होतं. मी ताडकन उठलो. अहो, आमच्या बागेच्या बोरचं पाणी तपासणारा म्हणाला होता, ‘यात फ्लोराइड फार आहे, पिऊ नका.’ म्हणजे औषध आमच्याच बांधावर, आणि आम्ही ते द्राक्षांना पाजतोय!

त्यातलं ‘पूर्वी’ आणि ‘पिऊ नका’ तेवढं मी सोयीनं विसरलो.

रोज आईची घागर बोरच्या पाण्यानं भरू लागलो.

"आरं, मचूळ लागतंय की!"

"लय ताकदीचं औषध हाय आई, गप पी!"

दुसऱ्या दिवसापासून तक्रार बंद. मग काय, मी पारावर भाषणं ठोकायला मोकळा. "डॉक्टरला काय कळतंय रं गड्या!" घरी बायको माझ्याकडं बघून हसायची. मला वाटायचं, कौतुकानं.

पुढच्या खेपेला आईसमोरच डॉक्टरांना छाती काढून सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तो उपाय कधीच सोडून दिलाय हो! मशीनवर हाड भरीव दिसतं, पण आतून कच्चंच राहतं. उलट मोडायची भीती वाढते. किती पाजलंत त्यांना?"

आईची हाडं जोडायला निघालो आणि मोडूनच ठेवली की काय! खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

"रडतुस कशाला?" आई म्हणाली. "मी कुठं प्यालेय? मी आपलं जारचं पाणी पिते, गोळ्या बी घेते."

"मग घागरीतलं?"

"येवढं ताकदीचं औषध, माझ्यासारख्या म्हातारीवर कशाला घालवायचं? सूनबाईला म्हटलं, ह्याच्या च्याला वापर. रानात राबतोय, पोराला लागंल अंगी."

आणि मी मचूळ चहावरून रोज बायकोवर खेकसत होतो!

डॉक्टर हसू दाबत म्हणाले, "थोड्या दिवसांत काही होत नाही. पण आता बंद करा."

दवाखान्याचा जिना उतरताना आईनं धड हातानं माझा दंड धरला आणि सगळ्या पेशंटांच्या देखत ओरडली, "सावकाश उतर रं! घसरलास तर मोडशील. आता माझ्यापरीस तुझीच हाडं कच्ची हायती!"