आत्याबाईंना लस मिळालीच नाही

आमच्या आत्याबाई लशीने मेल्या नाहीत.
त्यांना लस मिळालीच नाही.

आज त्यांना जाऊन चार वर्षं झाली. माझ्या दिराने चौकात फ्लेक्स लावलाय, फेसबुकवर पण टाकलंय. "लशीने हिरावलेली माऊली." खाली अख्ख्या महाळुंगे गावाने हात जोडलेत.

भाऊजी, तुम्हाला टॅग करूनच लिहितेय. घरातली गोष्ट म्हणून चार वर्षं गप्प बसले. आता बास.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. नवरा लवकर गेला, माहेरी परत आल्या. मग घरातली बाळंतपणं, म्हशी, पाहुणेरावळे, सगळं त्यांच्या अंगावर. तुम्ही जेवलात का, असं त्यांना कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी पण नाही विचारलं.

दुसऱ्या लाटेत लस आली तेव्हा जो तो मोबाईलवर डॉक्टर झालेला. कोण म्हणे लॉकडाऊन म्हणजे नाटक. कोण म्हणे लस घेतली की दोन वर्षांत माणूस संपतो.

लॉकडाऊनचा राग मलाही होता. माझी खानावळ कंपनीतल्या पोरांवर चालायची. आदल्या वर्षी पोरं चालत गावाला गेली, माझी चूल बंद पडली.
पण तो राग लशीवर काढण्याएवढी मी खुळी नाही.

आत्याबाई स्वतःहून म्हणाल्या, "मला घिऊन चल."

झेडपीच्या शाळेत सकाळी सहालाच रांग. लोकांनी नंबर लावायला चपला ठेवलेल्या. आम्ही भिंतीला टेकून बसलो. तिथे त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, आयुष्यात पहिल्यांदा.

त्या सहा-सात वर्षांच्या असतील. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झालेली. गावात देवी आल्या. लस टोचणारा माणूस घरोघर फिरत होता. तो आला तसं त्यांच्या आईने धाकट्या भावाला धान्याच्या कणगीत लपवलं. वरून गोणपाट.

"आणि तुम्हाला?"

"मला कशाला लपवतंय कोन? पोरगी मी. अंगणात शेण कालवत हुते. त्यानं धरली अन् टोचली."

भाऊ त्याच महिन्यात गेला. देवी घरात आली म्हणून फोडणी बंद, दाराला कडुलिंब, औषधाचं नाव काढायचं नाही. पोरगं तापाने भाजत होतं आणि घर देवीला थंड करत बसलं.

बाही वर करून त्यांनी हातावरचा वण दाखवला.
"लपवला त्यो गेला," म्हणाल्या. "मी हाय अजून."

पुढे पाच जण राहिले होते. तेवढ्यात भाऊजींची बुलेट आली.

"वहिनी, काय चालवलंय? ह्या वयात टोचून मारायचीय का तिला?"

"मी माझ्या पायानं आलीय रं," आत्याबाई म्हणाल्या.

मग भाऊजी त्यांच्या पायाशी बसले. रडले. खरंच रडले, खोटं नाही बोलणार मी.
"आत्या, आईच्या मागं तूच हायेस आमाला. तुला काय झालं तर आमी कुनाकडं बघायचं?"

आत्याबाई उठल्या.
मी हात धरला. म्हटलं, बसा, पाच मिनिटांचं काम आहे.

माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "जाऊ दे गं. माझ्यासाठी आजवर कोन रडलंय?"

मी चिडले. "जा मग," म्हणाले. आणि रांगेत बसून माझी लस टोचून घेतली. त्यांचं टोकन मागच्या बाईला गेलं.
ही माझी चूक. ती मी लपवत नाही.

पंधरा दिवसांनी त्यांना ताप आला. घर सील करतील म्हणून भाऊजींनी मागच्या खोलीत ठेवलं, गावात कोणाला कळू दिलं नाही. काढा दिला. कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगवली. ग्रुपवर आलं म्हणून नाकात लिंबाचे थेंब. जन्मभर सोसलेली बाई, पण त्या लिंबाला ओरडायची.

पाचव्या दिवशी ओठ निळे पडले, तेव्हा गाडी काढली. बेड शोधत पिंपळे गुरवपर्यंत फिरलो. मिळाला तेव्हा वेळ गेलेली.

त्यांना रांगेतून उठताना दहा-बारा माणसांनी पाहिलं असेल. बाकी गावाने नुसतं बसलेलं पाहिलं. मग सुरू झालं, लस घेतली आणि म्हातारी गेली. भाऊजींनी ते खोडलं नाही.
कसं खोडतील? खोडलं तर उरतं कोण?

आणि पुढे कंपनीने गेटवर सर्टिफिकेट मागितलं तेव्हा हेच भाऊजी गपचूप दोन्ही डोस घेऊन आले. शिफ्ट बुडाली असती ना.

एवढंही गिळलं असतं मी.

पण गेल्या आठवड्यात आरोग्य केंद्राच्या आशाताई घरी आल्या. भाऊजींच्या नातीला नऊ महिने पूर्ण झालेत, गोवराची लस राहिलीय. भाऊजींनी दारातूनच परत लावलं. "आमच्या आत्याचं काय झालं म्हाईत न्हाई का?"

आत्याबाईंच्या नावावर.

दुसऱ्या दिवशी भाऊजींची सून माझ्याकडे आली. बाळाचं लशीचं कार्ड माझ्या पुढ्यात ठेवून उभी राहिली.

तर भाऊजी, आज तुम्ही सगळे श्राद्धाचं पान ठेवून कावळ्याची वाट बघत होता, तेव्हा आम्ही अंगणवाडीत होतो. मी, तुमची सून आणि तुमची नात.
टोचलं. पोरगी रडली, आईने पदराखाली घेतली, गप्प झाली. थोडा ताप येईल. आशाताईंनी औषध दिलंय, तेच द्यायचं. दुसरं काही पाजायला गेलात तर मी समोरच राहते.

सुनेला बोलायचं नाही. ओरडायचं तर माझ्या दारात या.

आत्याबाई, आज तुमच्या पानाला मी आले नाही. काम होतं. झालं.
इथूनच पाया पडते.