त्याच दारात, तेच सैनिक

सत्काराची कल्पना काकांची. काका म्हणजे माझे चुलतसासरे, लष्करातून निवृत्त झालेले. सिंगापुरातल्या आमच्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये महिनाभर राहायला आले ते ब्लेझर घेऊन. या उकाड्यात! माझा मुलगा परीक्षा संपली की इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेत जाणार. आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, असल्यामुळे त्याला ती टळत नाही. सक्तीच्या कामाबद्दल सत्कार करतात हे मला नवीन होतं, पण शाल आणि नारळ द्यायला आपल्या लोकांना कुठलंही निमित्त पुरतं. रविवारी इमारतीखाली ओळखीची मराठी घरं जमणार होती. प्रमुख पाहुणे अर्थातच काका.

शनिवारी जेवताना मुलगा कॉलेजच्या वादविवादाची तयारी करत होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पोहोचवायला सैन्य पाठवलं, ते योग्य होतं का? त्याच्या वाट्याला ‘अयोग्य’ ही बाजू आली होती. लष्करी थाटाचं मला फारसं प्रेम नाही, म्हणून मी उत्साहाने मुद्दा पुरवला: सैन्य पाठवणारा राष्ट्राध्यक्ष स्वतः जनरल होता, आणि पद सोडताना त्यानेच बजावलं होतं की सैन्य आणि शस्त्रांचे कारखानदार यांचं वजन फार वाढू देऊ नका.

“वजन!” काका म्हणाले. “अहो, जमाव पांगला आणि मुलं वर्गात गेली. सूनबाई, तुमच्या पुस्तकांना जमलं असतं का हे?”

“नसतं. पुस्तकांना सॅल्यूट करता येत नाही.”

मुलगा लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, “आजोबा, त्याच्या आधी गव्हर्नरने राज्याचे सैनिक लावले होते. त्याच शाळेच्या दारात. काळ्या मुलांना आत सोडू नका म्हणून.”

“ते वेगळे.”

“वेगळे नाहीत. नंतर प्रेसिडेंटने त्यांनाही आपल्या हाताखाली घेतलं. आता म्हणे त्याच मुलांना सांभाळा. सेम सोल्जर्स, लाह.” वाक्याला ‘लाह’ जोडायची इथली सवय त्याला लहानपणापासूनची.

माझा घास हातातच राहिला. या प्रकरणावर मी बरंच वाचलं होतं, आणि माझ्या डोक्यात कायम दोन वेगळ्या फौजा होत्या, एक वाईट आणि एक चांगली. आता एकच पोरगा दिसायला लागला, माझ्या मुलाएवढा. ज्या मुलीला त्याने दारातून परत पाठवलं, तिलाच काही दिवसांनी तो आत नेतो. समोर बसलेल्या माझ्या मुलाचे केस अजून कपाळावर येत होते; भरतीच्या दिवशी ते कापले जाणार होते.

“आजोबा, तुम्ही काय केलं असतं?”

“हुकूम पाळला असता.”

“कुठला?”

“दोन्ही.” वेळ विचारल्यावर सांगावी तसं ते म्हणाले.

“आणि मी?”

काकांनी वरणाची वाटी पुढे ओढली, वाढून मात्र घेतलं नाही. मी मुलाच्या पानात भात वाढला. तो तसाच ठेवून मुलगा लॅपटॉप घेऊन आत गेला.

रविवारी काका ब्लेझर घालून इमारतीखाली आले. भाषण लांबणार म्हणून लोकांनी आधीच चहा घेऊन ठेवला होता. त्यांनी मुलाच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, माईक धरला.

“काल याने मला एक प्रश्न विचारला,” ते म्हणाले. “नोकरीत असताना तो मला कधी पडला नाही.” आणि खाली बसले.

म्हाताऱ्यांना गहिवरून आलं असं समजून सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. शालीत घामाघूम झालेला मुलगा माझ्याकडेच बघत होता. टाळ्या थांबल्यावर माझ्या लक्षात आलं, मीही वाजवत होते.